केवळरामांचा छापील तुरा

मोनिकाच्या लग्नपत्रिकेचा मजकूर तिच्या वडिलांनी, सोमाजी मास्तरांनी, स्वतःच्या हातानं लिहिला आणि साकोलीला टायपिंगचं दुकान चालवणाऱ्या उर्वशीकडे दिला. तीनशे पत्रिका छापून आल्या. घरी गठ्ठा सोडला, तर विनीतांच्या यादीत एक नाव असं होतं: ^केवळराम.

मास्तर तडक दुकानात गेले.

"उर्वशी, हे काय छापलं बाई?"

"तुमीच लिवलं होतं ना सर. कीबोर्डवर सहाच्या वर हाये ते. मी जसंच्या तसं मारलं."

चूक मास्तरांचीच होती. लिहिताना शब्द सुटला तर तिथं ^ असं काकपद काढायचं आणि सुटलेला शब्द वर लिहायचा, हे त्यांनी पोरांना तीस वर्षं शिकवलं होतं. यादीत सुटले होते नेमके धाकट्या बहिणीचे यजमान केवळराम. रुसण्यात त्यांचा हात धरणारा तालुक्यात कोणी नव्हता. मास्तरांच्या बायकोनं, केशरबाईनं, आठवण करून दिली म्हणून ते मागाहून ओळीच्या वर चढले.

उर्वशीनं मोबाईलवर शोधलं. "याले कॅरेट म्हंतेत सर. लॅटिन शब्द हाये. अर्थ, 'इथं उणं आहे'."

"आणि आपल्याकडं कावळ्याचा पाय," मास्तर पुटपुटले.

घरी आले, तर केवळराम पत्रिका हातात घेऊन बसलेलेच.

"मास्तर, बाकी कोनाच्या नावाआंधी नाही, मायाच नावाआंधी हे काहून?"

व्याकरणात मास्तर कधी खोटं बोलले नव्हते. दारामागं केशरबाई खोकली.

"तुरा आहे जवाईबापू," मास्तर म्हणाले. "मानाच्या मानसाले देतेत."

केवळराम खुलले. संध्याकाळपर्यंत त्यांनी ती पत्रिका अर्ध्या गोतावळ्यात फिरवली. सकाळी मास्तरांच्या थोरल्या भावाचा, डोमाजींचा, फोन आला.

"सोमा, मी तुयापेक्षा मोठा. माया तुरा कोठी गेला?"

पाठोपाठ मोनिकाच्या मामांचा, धनीरामांचा. "आमी लग्नाले येऊ का नको, तेवढं सांगा."

मास्तर पेन घेऊन बसले. एकेका पत्रिकेवर केवळराम सोडून दहा नावं, प्रत्येकाआधी एक तुरा. व्याकरणाप्रमाणं, प्रत्येक नातलगाला आपण विसरलो होतो, असंच ते स्वतःच्या अक्षरात लिहून देत होते.

दुसऱ्या दिवशी केवळराम आले. सगळ्यांच्याच नावांआधी तुरे पाहून थबकले. केवळरामांनी एका तुऱ्यावरून अंगठा फिरवला. शाई पसरली.

"हे हातानं काढून राहिले का?"

"हो."

केवळराम पाट ओढून बसले. "आना एक पेन मले. मी बी काढू लागतो. त्या बिचाऱ्याइले छापील कोठी भेटते?"