जमिलाखालांची हातबोली

नवं बाळ बघायला आलेल्या बायका वजन विचारतात, ते कुणावर गेलंय ते ठरवतात. उस्मानपुऱ्यातल्या आमच्या शेजारीण जमिलाखाला मात्र दुपट्यातून बाळाचे हात बाहेर काढायच्या आणि एकेक बोट उघडून बघायच्या. माझ्या लेकीचे, मीनलचे हात बघून म्हणाल्या, "बोलके हायेत."

बाळ सहा महिन्यांचं झालं की त्यांची शिकवणी सुरू. दूध हवं असेल तर मूठ उघडमीट करायची. पुरे झालं तर दोन्ही तळवे झटकायचे. दुखलं तर तिथं दोन बोटं दाबायची. सगळ्या लेकरांना चांगलं ऐकू यायचं, पण खालांनाच घाई. "तोंडाला लई उशीर लागतो. हात लवकर येतेत," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. एकदा समोरच्या घरी आलेले पाहुणे तासभर आपल्या मुतखड्याची हकिगत सांगत होते. त्या घरातल्या वर्षाच्या नातवानं त्यांच्याकडं बघत शांतपणे तळवे झटकले. पाहुण्यांना काही कळलं नाही. बायका तेवढ्या तोंडाला पदर लावून आत पळाल्या.

मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. मी ड्यूटीवर गेले की खाला दुपारी मीनलजवळ येऊन बसायच्या. ती दहा महिन्यांची असताना एका संध्याकाळी रडून रडून लाल झाली. सासूबाईंनी पोट शेकलं, हिंग लावला. खालांनी नुसत्या भुवया उंचावून हात हलवला, कुठं दुखतंय? मीनलनं दोन बोटं कानावर दाबली. डॉक्टरांनी बघितलं तर कानात पू झालेला.

एवढं होऊनही मी घाबरलेच. दीड वर्षाची झाली तरी मीनल एक शब्द बोलेना. ऑफिसातल्या मैत्रिणी म्हणाल्या, हातानं भागतंय तर ती तोंड कशाला उघडेल? शेवटी एक दिवस मी खालांना म्हणाले, "आता हे राहू द्या. पोरगी मुकी राहायची."

त्या "बरं, बेटा," म्हणाल्या आणि चपला घालून गेल्या. त्यानंतर आल्याच नाहीत.

तीन-चार महिन्यांत मीनल बोलायला लागली, आणि अशी की थांबेना. डॉक्टर म्हणाले, काही मुलं उशिरा बोलतात, त्यात हातांचा काय दोष? मला लाज वाटली. एका रविवारी तिला घेऊन मी खालांकडं गेले.

त्यांनी तिला मांडीवर घेतलं आणि मूठ उघडमीट केली. मीनल हसली. "खाला, हे काय करता?"

खालांनी हात पदराखाली घेतला. "तोंड फुटलं की समदे विसरतेत," त्या मला म्हणाल्या.

मी माफी मागितली. त्यांनी ती ऐकली की नाही कोण जाणे. त्या बोलू लागल्या.

"आमच्या ह्यांना जन्मापासून ऐकू येत नव्हतं. शहागंजात शिवणकाम करायचे. मी लगीन करून देवगाव रंगारीहून आले, तवा मला एक खूण येत नव्हती. मग दोघांनी मिळून केल्या. सव्वीस वर्सं. घरात आवाज नव्हता, पण बोलणं लई. भांडणंसुद्धा हातानंच." त्या किंचित हसल्या. "मूलबाळ झालं नाय. ते गेले, आता ह्या खुणा मला एकटीलाच येतेत. मोठ्या माणसाला दाखवल्या तर हसतेत. लेकरू तेवढं जवाब देतं. वर्सभर. लई झालं तर दोन."

मी विचारलं, "ते तुम्हाला हाक कशी मारायचे?"

त्यांनी चिमूट करून नाकाच्या डाव्या बाजूला टेकवली. "चमकी घालायची मी. ते गेले तवा काढली."

मी तशी चिमूट केली.

"असं नाय. अंगठा खालून."

मी पुन्हा केली. या वेळी त्यांनी चूक काढली नाही. मान वर करून माझ्या हाताकडं बघितलं आणि ओ दिली.