ज्ञानू डायवरचं ग्राफिक्स कार्ड

मंगळवारी दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी ज्ञानू डायवरची बस बेचाळीस प्रवाशांसह तळ्यात गेली. आठवड्याभरातली ही तिसरी वेळ. ज्ञानूने स्टिअरिंग सोडलं, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि पडद्यावरच्या पाण्याकडे बघत बसला. शेजारच्या खुर्चीत रतन कंडक्टर होता.

"वळनावर गाडी अडकली, डायवर," तो म्हणाला. "आन् पुन्ना दिसली तवा आपन पान्यात."

"म्या वळवलं व्हतं, मास्तर. चित्रच मागनं आलं."

एकतीस वर्षांच्या नोकरीत ज्ञानूने एस्टीला ओरखडा पडू दिला नव्हता. मग साखर डोळ्यांत उतरली आणि वेळेआधी घरी बसावं लागलं. विंझरच्या घरी तो वर्षभर ओट्यावर बसून वेल्ह्याकडे जाणाऱ्या गाड्यांचे गिअर ऐकत राहिला. जेवण कमी झालं, बोलणं त्याहून कमी. शेवटी पुण्यात नोकरी करणाऱ्या शिवानीने, त्याच्या मुलीने, मोठ्या पडद्याचा कॉम्प्युटर, खेळायचं स्टिअरिंग आणि बस चालवायचा गेम आणून दिला. भोरला कॉम्प्युटरदुरुस्तीचं दुकान असलेला पुतण्या कुमार येऊन सगळं जोडून गेला.

गेममधला देश परका होता. रतनने तिथल्या थांब्यांना आपली नावं दिली. चर्चचं वळण म्हणजे मार्गासनी, पेट्रोल पंप म्हणजे विंझर, खालचं तळं म्हणजे भाटघर. नोकरीत वीस वर्षं एका गाडीवर काढलेली ही जोडी रोज चारला इस्त्रीचे शर्ट घालून बसायची आणि सहाला उठायची. बाकीचा दिवस ज्ञानू त्या दोन तासांसाठी काढायचा.

कुमारला फोन केला, तेव्हा तो म्हणाला, "काका, पार्ट पुराना झाला. गेम नवीन झाला, कार्ड तेच राहिलं. ग्राफिक्स कार्ड म्हंजे चित्र काढनारं इंजन समजा. दोन कंपन्या हायेत, एक हिरवी, एक लाल. तुमी हिरवीच घ्या."

पण एकतीस वर्षं डेपोत काढलेला माणूस कुणाच्या सांगण्यावरून इंजन घेत नाही. ज्ञानूने वही काढली, पानाच्या मधोमध रेघ मारली, एका बाजूला हिरवं लिहिलं, दुसऱ्या बाजूला लाल. मोबाईलवर चार दिवस तो व्हिडिओ बघत होता. त्यांत तरणी पोरं एकाच रस्त्यावर दोन कार्डं पळवून दाखवत, सेकंदाला किती चित्रं निघतात त्याचे आकडे कोपऱ्यात नाचत, आणि शेवटी 'तुमच्या गरजेवर अवलंबून आहे' असं म्हणून पोरं निघून जात. ज्ञानूला आपली गरज ठाऊक होती. भाटघरच्या वळणावर गाडी थांबायला नको होती. पण असा रकाना कुणीच केलेला नव्हता.

रतनने वही वाचली.

"हिरव्याला आठची मेमरी, लालला बारा," तो म्हणाला. "यात इचार कसला करतो? सीटा जास्त ती गाडी घ्यावी."

"लाल लई करंट खातं, मास्तर. हितं पंखा फिरायची मारामार."

"आन् हिरवं काय करतं, वाचलं का? दोन चित्रांच्या मदी तिसरं चित्र आपल्या मनानं घालतं. त्यानं आकडा वाढतो."

"मग गाडी गुळगुळीत दिसती."

"दिसती. पन ते मदलं चित्र खोटं की रं. तिथं खड्डा आसला तर?"

हा प्रश्न ज्ञानूलाही पडला होता. मात्र दुसऱ्याने विचारल्यावर तो त्याला आवडला नाही.

"तुला सीटाच दिसत्यात," तो म्हणाला. "चाळीसच्या गाडीत सत्तर कोंबून गावापातूर पोचवायची ती डायवरनं. कंडक्टरला काय, तिकिटं फाडायची."

रतनने वही मिटून टेबलावर ठेवली. "वीस वर्षं हेच मनात व्हतं व्हय," तो म्हणाला, आणि सहा वाजायच्या आत पहिल्यांदाच उठून गेला. दुसऱ्या दिवशी तो आला नाही. तिसऱ्या दिवशी ज्ञानूने हिरवं कार्ड मागवलं.

कार्ड घेऊन कुमार आला. खोकं उघडल्यावर कळलं, की कार्ड लांब आहे आणि कॉम्प्युटरचा डबा आखूड. कुमारने शेजारच्या ग्रिलवाल्याचा ग्राइंडर आणला आणि डब्याच्या आतली पत्र्याची चौकट कापली. ठिणग्या उडाल्या, त्यांनी खिडकीच्या पडद्याला दोन भोकं पडली. ज्ञानूची बायको फुलाबाई दारातून बघत होती.

"अवो, हे चित्रं काढनारं हाये ना?" तिने विचारलं.

कार्ड बसलं, पण कॉम्प्युटरला वीज देणारा जुना सप्लाय त्याला पुरेना. कुमार भोरला जाऊन मोठा सप्लाय घेऊन आला. तोही बसला, पण संध्याकाळी विंझरचं व्होल्टेज उतरलं की कॉम्प्युटर बंद पडू लागला. स्टॅबिलायझर लावावा लागणार होता. घरात एकच होता, फ्रिजचा. तो ज्ञानूने काढून कॉम्प्युटरला जोडला. मग बिनस्टॅबिलायझरचा फ्रिज जळेल म्हणून फुलाबाईने तो बंद केला. फ्रिजमध्ये दूध होतं, मिरच्या होत्या आणि ज्ञानूचं इन्शुलिन होतं. दूध तिने आटवलं, मिरच्या वाळत घातल्या. इन्शुलिन रतनच्या घरी नेऊन ठेवलं, कारण जवळचा फ्रिज तोच होता.

त्यामुळे ज्ञानूला सकाळ-संध्याकाळ रतनच्या घरी जाणं भाग पडलं. दार उघडायची ती रतनची बायको, अक्काबाई. रतन समोर खुर्चीत बसून पेपर वाचत असायचा. ज्ञानू त्या पेपराकडे पाठ करून पोटात सुई टोचून घ्यायचा आणि सदरा खाली करून निघायचा.

"लागलं का वो जास्त?" एकदा अक्काबाईने विचारलं.

"न्हाई," ज्ञानू म्हणाला. पेपराचं पान उलटलं गेलं.

रविवारी सगळं जुळलं. कुमार मागे उभा राहिला, ज्ञानूने गाडी काढली. मार्गासनी गेली, विंझर गेलं, आणि भाटघरच्या वळणावर चित्र पूर्वीसारखंच अडकलं. बस पूर्वीच्याच जागी पाण्यात पडली. कुमारने दोन तास पडद्यावर काय काय उघडलं, बंद केलं. मग तो टेबलाखाली शिरला आणि बराच वेळ बाहेर आला नाही.

"काका," तो खालूनच म्हणाला, "पडद्याची वायर कार्डात न्हाई. वरच्या भोकात हाये."

"म्हंजे?"

"म्हंजे कार्डाचं चित्र पडद्याला जातच न्हाई. कॉम्प्युटर आपलं आपन कसंबसं काढतोय. नवं बसवताना बी म्या चुकून तिथंच लावली. पयल्या दिवशी बी..." तो थांबला. "पयल्या दिवशी बी म्याच लावली व्हती."

"मग जुनं कार्ड?"

"ते चांगलं आसंल. त्याला कुनी चालवलंच न्हाई."

जुनं कार्ड खिडकीत पडलं होतं. ज्ञानूने ते हातात घेतलं. धूळ सोडली तर त्याला काही झालेलं नव्हतं. तीन वर्षं ते अंगात ताकद असून डब्यात बसून होतं, आणि दमलं म्हणून त्याला काढलं होतं. ज्ञानूने सदऱ्याच्या टोकाने त्याची धूळ पुसली आणि ते कपाटात आपल्या डायवरच्या बिल्ल्याशेजारी ठेवलं. कुमारवर रागवायलाही त्याला सुचलं नाही.

वायर बदलून, चहा न घेता कुमार निघून गेला. ज्ञानूने पुन्हा गाडी काढली. या वेळी झाडांची पानं हलताना दिसली. काचेवरचा थेंब ओघळून खाली गेला. बस लोण्यावरून चालल्यासारखी चालली, भाटघरचं वळण आलं आणि गेलं. पुढच्या वळणावर ज्ञानूच्या कपाळाला घाम आला. त्याच्या पुढच्या वळणावर त्याने तोंडावर हात धरला आणि तो अंगणाकडे पळाला. एकतीस वर्षांत त्याने हजारो लोकांना खिडकीतून ओकताना पाहिलं होतं आणि मनातल्या मनात प्रत्येकाला शिव्या दिल्या होत्या.

तोंड धुऊन तो आत आला आणि भिंतीकडे तोंड करून खाटेवर पडला. डोळे उघडले की खोली डावीकडे वळत होती. त्या संध्याकाळी तो सुई घ्यायला गेला नाही. सात वाजता रतनच इन्शुलिन घेऊन आला.

"काय झालं?" त्याने फुलाबाईला विचारलं.

"गाडी लागली त्यांना," ती म्हणाली.

रतनला हसू येत होतं, ते त्याने ज्ञानूकडे बघून आवरलं.

"लाल घेतलं आसतं तर?" त्याने विचारलं.

"तरी बी वकलो आसतो," भिंतीकडून उत्तर आलं. "लालला बी, जुन्याला बी. पुराना पार्ट दुसराच हाये, मास्तर."

दुसऱ्या दिवशी वेल्ह्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, चित्र फार भराभर हलतं ते काहींना सोसत नाही, पडद्यापुढे बसू नका. ज्ञानूने मान हलवली. हे वाक्य त्याला एका डॉक्टरांनी आधीही सांगितलं होतं, तेव्हा फक्त पडद्याऐवजी स्टिअरिंग म्हटलं होतं.

चारला रतन शर्ट घालून आला. ज्ञानू खाटेवरच होता. रतनने रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं, मग स्वयंपाकघराकडे पाहिलं.

"वैनी," तो म्हणाला, "गाडी हुबीच हाये. पाशिंजर खोळंबल्यात."

फुलाबाईने पदराला हात पुसले आणि ती बसली. सुरुवातीला तिने दोन कुंपणं पाडली. मग हळूहळू गाडी सरळ चालली. ज्ञानू डोळे मिटून इंजनाचा आवाज ऐकत होता. चढ लागला, इंजन घरघरायला लागलं.

"गिअर उतरव," तो खाटेवरून म्हणाला. "दुसरा टाक. दुसरा."

फुलाबाईने मागे पाहिलं नाही.

"मास्तर," ती म्हणाली, "मागल्या सीटवरच्यांना सांगा, गाडी चालू आसताना डायवरशी बोलू नये."