बिराजदार सरांची चाचणी

बिराजदार सर कुणाच्याही घरी गेले की बसायच्या आधी खुर्ची उलटी करतात. माझ्या भावाच्या साखरपुड्यात त्यांनी मंडपातली खुर्ची अशीच उलटी केली, तिच्या पायांवरून बोट फिरवलं आणि मुलीच्या वडिलांना विचारलं, "ह्याचा युजर कोण हाय?" ते बिचारे म्हणाले, पाहुणे. सरांनी अशी काही मान हलवली, की ते सोयरीक मोडायचा विचार करायला लागले.

हे सर म्हणजे आमच्या विद्यापीठातल्या उत्पादन-आरेखन आणि अभियांत्रिकी संशोधन-प्रशिक्षण केंद्राचे संचालक. मी तिथली इन्स्ट्रक्टर, तीही कंत्राटी. केंद्राचं नाव पाटीवर दोन ओळींत मावत नाही, आणि काम म्हणाल तर एका ओळीत संपतं. थ्रीडी प्रिंटर आहे, लेसर कटर आहे, 'नावीन्य' असं रंगवलेली भिंत आहे. नाही ती फक्त कुणाच्या उपयोगी पडलेली वस्तू.

आता प्रयत्न कमी पडले असं मी म्हणणार नाही. सरांनी शेंगाचटणी वाढायचं यंत्र केलं. प्रत्येक ताटात सारखी चटणी पडणार म्हणे. पडली की! ताटात पडली, शर्टावर पडली, समोरच्या पाहुण्यांच्या चष्म्यावरही पडली. सरांचं मत असं, की पाहुणेच चुकीचे वाकले होते. मग भाकरी थापायचं यंत्र आलं. त्यातली भाकरी आम्ही वारा सुटला की दाराला अडकण म्हणून लावायचो. हसलं की सर एवढंच म्हणायचे, "तुमाला प्रोसेस कळंना." नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात ते हेच.

एका नियमावर मात्र सर अडून असत. चाचणीच्या वेळी वस्तू वापरणाऱ्याच्या हातात द्यायची, आपले हात पाठीमागं बांधायचे आणि गप बघायचं. मदत करायची नाही, सुचवायचंही नाही. आम्ही केलेल्या रेनकोटात एकदा शिपाईमामांचं डोकं अडकलं. मामा आतून काहीतरी ओरडत होते, आम्ही हात बांधून उभे. शेवटी एका मुलीला राहवलं नाही, तिनं चेन ओढून त्यांना बाहेर काढलं. मामांनी तिला आशीर्वाद दिला आणि सरांनी शून्य. "हात लावला की चाचणी मेली," म्हणाले.

तर यंदा विद्यापीठानं समिती नेमली. कुणीतरी रोज वापरतंय अशी एक तरी वस्तू दाखवा, नाहीतर केंद्र बंद, प्रिंटर कुलपात आणि कंत्राटी लोक घरी. माझी झोप उडाली. सर मात्र दर शनिवारी प्रिंटरपाशी बसून केशरी प्लास्टिकचे जाडजूड कान छापायचे. कपाचे कान! मला वाटलं, म्हाताऱ्यानं गुपचूप जोडधंदा काढला.

एक सही घ्यायला मी सात रस्ता चौकाजवळ त्यांच्या घरी गेले तेव्हा उलगडा झाला. कस्तुरीकाकू, म्हणजे सरांची बायको, चहा पीत बसल्या होत्या. अर्धांगवायूनं त्यांची उजवी बाजू अधू झालेली, डावा हातही थरथरणारा. पण कपाला दोन्ही बाजूंनी मोठाले केशरी कान होते, आणि त्यात दोन्ही हात अडकवून त्या आपल्या आपण पीत होत्या. कंगव्याला केशरी मूठ, नळाला केशरी मूठ, दाराच्या कडीलाही. मी उडालेच. म्हटलं, सर, अहो हेच दाखवा की समितीला!

"ते घरचं हाय," सर म्हणाले. "दाखवायचं न्हाय."

काकूंची पकड हळूहळू ढिली होत चालली होती. थोडे दिवस गेले की आधीचा कान पुरत नसे, आणखी जाड लागे. हे काकूंनीच सांगितलं. म्हणजे सरांना संचालकाची खुर्ची जाण्याचं काही नव्हतं, पण प्रिंटर गेला तर काकूंचा कप जाणार होता. शेवटी निकाल काकूंनीच लावला. "मी येते की. चहाच तर प्यायचाय."

समितीच्या दिवशी काकू टेबलाशी बसल्या. समोर तिघं सदस्य, बाजूला सर, हात पाठीमागं. काकूंनी कप उचलला. निम्म्यात आला आणि थांबला. कप हिंदकळला, चहा बशीत सांडला. एका सदस्यानं घड्याळ बघितलं. दुसऱ्यानं मोबाइल काढून काकूंचा फोटो घ्यायला सुरुवात केली. मी मनात म्हटलं, सर, थांबा हं, थांबा.

सर पुढं झाले, कपाखाली हात धरला आणि तो काकूंच्या ओठांना लावला.

समितीच्या अध्यक्षांनी फार सभ्यपणे सांगितलं, की वस्तू स्वतंत्रपणे वापरता येत नाही असंच आता लिहावं लागेल, आणि केंद्राचं कठीण आहे. एरवी अर्धा तास वाद घालणारे सर "बरं" म्हणाले.

मी दोघांना रिक्षापर्यंत सोडायला गेले. काकू भडकल्या होत्या. "पीत होते की मी! रोज तितंच थांबते, दम खाते आन् पिते. तुमाला ठाऊक न्हाय व्हय?"

"ठाऊक हाय."

"मग हात कशाला लावला?"

सरांनी काकूंना धरून रिक्षात बसवलं. मग म्हणाले, "फोटो काढाय लागले ते तुझा. मला बघवंना, कस्तुरी."

मला माझी नोकरी गेल्याचं वाईट वाटत होतं, ते त्या क्षणी कुठल्या कुठं गेलं. रडू आवरेना म्हणून मी उगीच रिक्षावाल्याला पत्ता सांगायला लागले.

काकूंचा आवाज उतरला. "आता बसा घरी लाकडाचे कान कोरत," त्या म्हणाल्या. "तेबी वाकडेच कराल."

"वाकडं झालं तर मी धरीन की कप," सर म्हणाले.