एवढ्या चिखलात चेन पडली ना

"या खेपेला माझी चेन पडणार नाही. पाहिजे तर लिहून घ्या!" दाजींनी जेवणाच्या टेबलावर मूठ आपटली. कुणी लिहून घेतलं नाही. घरात सगळे त्यांना दाजी म्हणत आणि त्यांचं बोलणं फारसं मनावर घेत नसत.

तसा दोष दाजींचा नव्हता, चिखलाचा होता. डोंगरातल्या सायकल शर्यतीत चिखल लागला की त्यांची चेन पडायची आणि दाजी सायकल ढकलत, गुडघ्यापर्यंत माखून, सगळ्यांच्या शेवटी यायचे. दर वेळी! अखेर बायकोनं निकाल दिला, "पुन्हा ढकलत आलात तर ती सायकल भंगारात जाईल. मग बसा पायी फिरत!"

त्या सायकलवर दाजींचा जीव होता. त्यांनी कंबर कसली. सैल झालेली जुनी चेन काढून नवी, बरोबर मापाची घातली. पायडलजवळच्या दातेरी चक्रावर चेन धरून ठेवणारी पट्टी बसवली. मागच्या गिअरला चेन ताणून धरणारी एक खिट्टी असते. ती आजवर बंदच होती हे कळल्यावर दाजींनी इकडेतिकडे बघत ती गुपचूप चालू केली.

शर्यतीच्या दिवशी रानात नुसता चिखलाचा राडा! पहिला ओढा गेला, चेन जागेवर. चढ गेला, चेन जागेवर. उतारावर सायकल उधळली, दाजी "आई गं!" म्हणून किंचाळले, तरी चेन जागेवर! पाणी वाटणाऱ्या टेबलापाशी थांबून त्यांनी बायकोला फोन लावला. आनंद गगनात मावत नव्हता.

फोन उचलला शेवटच्या रेषेपाशी उभ्या असलेल्या सासऱ्यांनी. लेक छत्री आणायला गाडीकडे गेली होती.

"बाबा, एवढ्या चिखलात चेन पडली ना—"

फोन कट! 'नाही'तला 'ना' पोचला, 'ही' वाटेत राहिला. सासऱ्यांना सायकलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. त्यांच्या लेखी चेन एकच, त्यांनी हौसेनं जावयाला दिलेली, सोन्याची. लेक छत्री घेऊन आली तशी ते ओरडले, "अगं, जावईबापूंची चेन पडली!"

"ती नेहमीच पडते, बाबा."

"नेहमीच?" सासरे बाह्या सरसावू लागले. "आणि तू मला आज सांगतेस?"

उत्तराची वाट न बघता ते शेवटच्या रेषेआधीच्या चिखलात उतरले. "सोनं पडलंय हो!" झालं! बघे उतरले, झेंडीवाला उतरला, घोषणा करणारा तर माईक हातात घेऊनच उतरला.

दाजी वळणावरून आले तेव्हा वाटेत पन्नासेक माणसं रांगत होती. काठावर बायको कमरेवर हात ठेवून उभी. आता पाय टेकला की ढकलणं आलं आणि ढकललं की भंगार! दाजी पाय न टेकता तिथंच गोल गोल फिरायला लागले.

"काय शोधताय?"

"तुमची चेन!" सासरे चिखलातून म्हणाले.

"चेन जागेवर आहे की! ही बघा!"

"ती नव्हे! सोन्याची!"

दाजींनी एका हातानं शर्टातून गळ्यातली चेन ओढून दाखवली. गर्दीनं फार वाईट वाटल्यासारखा सुस्कारा सोडला आणि वाट दिली. दाजींनी सीटवर बसून रेषा ओलांडली. आयुष्यात पहिल्यांदा! डोळे भरून आले त्यांचे. गर्दीनं मोबाईल काढले.

"राहू दे तुमची सायकल," बायको म्हणाली. मग जवळ येऊन हळूच पुटपुटली, "अहो, चेन."

"पडलीच नाही!" दाजी गरजले, सायकलवरून उतरले आणि सगळ्या मोबाईलांसमोर छाती काढून उभे राहिले. "बघा, नीट बघा! काढा फोटो!"

"ती नव्हे हो," बायको दातओठ खात म्हणाली. "पँटची."