ठळकरावांचं जाड अक्षर

वेबसाइटचं पान कसं असावं हे अख्ख्या ऑफिसात फक्त आपल्यालाच कळतं, अशी त्यांची खात्री होती. दिसेल तो मजकूर ते जाड करून टाकत, म्हणून सगळे त्यांना ठळकरावच म्हणत!

ऑफिसच्या सहलीचं पान, काय आणायचं त्या यादीसकट, अर्थात त्यांनीच केलं. शेजारच्या टेबलावरच्या मुलीशी त्यांना लग्न करायचं होतं आणि तिचे बाबाही सहलीला येणार होते. होकार बाबांकडूनच यायचा होता. बाबांना दिसत नसे. मोबाइलमधला स्क्रीन रीडर त्यांना सगळं वाचून दाखवी.

"काकांना एक शब्द विचारावा लागणार नाही!" ठळकरावांनी तिला छातीठोकपणे सांगितलं.

सहलीच्या सकाळी काका बसपाशी आले. डोक्यावर टोपी, हातात बाटली. इथवर ठीक! मागोमाग त्यांचा शेजारी शेगडी घेऊन आला, शेजारीण घडीची खाट घेऊन, आणि शेवटी म्हशीएवढा कुत्रा!

"काका, हे काय?"

"तुझीच यादी! टोपी, बाटली, शेगडी, खाट, पाळीव प्राणी, शेजारी. यांना तर मी रजा काढायला लावली!"

"अहो, पण वर लिहिलंय ना, जाड अक्षरांतलं आणू नये म्हणून!"

"ऐकलं की! पण माझा वाचणारा सगळं एकाच सुरात वाचतो. जाड-बारीक काही बोलतच नाही. म्हटलं, जाड अक्षर एकही दिसत नाही, शहाणा मुलगा आहे!"

एव्हाना कुत्रा साहेबांच्या सीटवर बसला होता आणि साहेब उभे होते.

"बाबा, जाड अक्षर सांगायची सोय असते, ती चालू करते," मुलगी म्हणाली. तिने केली. मोबाइल बोलू लागला, "ठळक सुरू, स्वागत, ठळक संपलं. ठळक सुरू, कृपया, ठळक संपलं. ठळक सुरू, आपली..."

अख्खी बस खो खो हसू लागली. ठळकरावांना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

"चूक माझीच, काका," ते पुटपुटले. "'आणू नका' अशी वेगळी यादी आत्ता करतो. पण आमच्या लग्नाचं...?"

"चूक कबूल करतोस, हे बरं आहे. होकार आहे माझा."

ठळकरावांचा जीव भांड्यात पडला.

"लग्नपत्रिका मात्र तू करायची नाहीस!"

'नाहीस'वर काकांनी असा जोर दिला, की कुत्रा साहेबांची सीट सोडून खाली उतरला!