मोहाखालची बाज

"सूर्य काय माहा सासरा आहे, तो आला म्हणून मी उठून उभी राहू?"

आमच्या एकोडीत हे वाक्य बोलायची हिंमत एकाच बाईत आहे. आमच्या शेजारच्या शेवंताकाकू. साठी जवळ आली, पण सूर्य उगवताना त्यांनी कधी पाहिला नव्हता. नवी नवरी म्हणून आल्या तेव्हा सासूने सकाळी अंगावर पाणी ओतलं, तर त्यांनी कूस बदलली आणि उशी ओली झाली म्हणून दुसरी मागितली, अशी गावात कथा आहे. काकूंना विचारलं तर म्हणतात, साफ खोटं आहे, उशी नाही, चादर मागितली होती.

आम्ही बाकीच्या सुना पहाटे सडा घालायचो तेव्हा काकूंच्या अंगणात त्यांचे यजमान देवरामकाका झाडत असायचे. चूलही तेच पेटवायचे. येणारे-जाणारे टोमणे मारत. काका हसून म्हणत, "झोपू द्या. उठली का मलेच बोलते." मला काकूंचा मनापासून हेवा वाटायचा. माझ्या सासूबाईंना मात्र सकाळच्या वेळी त्यांचं नावही खपत नसे.

मागच्या दिवाळीनंतर काका गेले. काकूंची मुलगी लग्न होऊन शहापूरला, त्यामुळे घरात त्या एकट्याच. चैत्र जवळ आला तसा मोहाच्या झाडाचा प्रश्न निघाला.

काकूंचं शेत आणि त्यांचे धाकटे दीर मोतीरामभाऊ यांचं शेत, या दोन्हींच्या मधल्या धुऱ्यावर हे झाड आहे. सासऱ्यांनी जमीन वाटली, पण झाड काही मधून चिरता येत नाही. म्हणून त्यांनी सांगून ठेवलं की सकाळी जो आधी पोचेल, मोह त्याचा. मोहाची फुलं पहाटे गळतात आणि दिवस वर आला की गाई-शेळ्या त्यांचा फडशा पाडतात. काका दरवर्षी झुंजूमुंजू व्हायच्या आत तिथे हजर असत, त्यामुळे झाड त्यांचंच झाल्यासारखं होतं. आता मोतीरामभाऊ येऊन सरळ म्हणाले, वहिनी, तुमच्यानं उठणं होत नाही, झाड आता आम्ही पाहतो. बोलले ते वाईट मनाने नव्हते. पण काकूंना ते झोंबलं.

"हात लावून दाखवा माह्या झाडाले," त्या म्हणाल्या.

म्हणजे आता उठणं आलं. काकूंनी झोपेशी उघड भांडण मांडलं. आधी मोबाईलचा गजर. आवाज मोठा व्हावा म्हणून मोबाईल स्टीलच्या पातेल्यात ठेवला. पहाटे तो असा वाजला की मी उठले, सासूबाई उठल्या, गोठ्यातल्या शेळ्या ओरडायला लागल्या. काकूंच्या घरात मात्र सामसूम. मग मुलगी शहापूरहून फोन करायला लागली. काकू पडल्या पडल्या "उठली, उठली" म्हणत आणि फोन ठेवून देत. शेवटी माझा कोंबडा मागून नेला. दोन दिवसांत त्या कोंबड्यालाही काकूंच्या घराची हवा मानवली आणि तो उन्हं आल्यावर आरवू लागला. काकूंनी त्याचा रस्सा केला. वाटीभर मलाही आणून दिला आणि वर म्हणाल्या, "कामाचा नव्हता."

अशात मोह गळायला लागला. पहिल्या दिवशी काकू टोपली घेऊन निघाल्या तेव्हा मोतीरामभाऊंची बायको भरली टोपली घेऊन परत येत होती. काकू तिला काही बोलल्या नाहीत. त्या संध्याकाळी मात्र अख्ख्या गावाने पाहिलं, शेवंताकाकू डोक्यावर बाज उलटी घेऊन शेताकडे निघाल्या होत्या, आणि बाजेचे चारही पाय आभाळाकडे. बाज त्यांनी थेट झाडाखाली टाकली.

लोकांनी अस्वलाची भीती घातली. आमच्याकडे अस्वलाला मोह फार आवडतो. काकू म्हणाल्या, येऊ द्या, ते मोह खायला येतं, मला न्यायला नाही.

दुसऱ्या दिवशी मोतीरामभाऊ स्वतः आले, तर काकू फुलांच्या सड्यात घोरत होत्या. पांघरुणावर फुलं, केसांत फुलं. त्यांनी हाक मारली तशी काकू एक डोळा उघडून म्हणाल्या, "आधी पोचंल त्याचा मोह ना, भाऊजी? मी तं कालच पोचली." भाऊंना हसू आवरेना. रिकामी टोपली घेऊन ते घरी गेले आणि पुन्हा कधी आले नाहीत.

झाड राहिलं. काकू जिंकल्या. मला त्यांचा असा काही अभिमान वाटला की विचारू नका.

मग एका सकाळी त्यांनीच मला वेचायला बोलावलं. मी पोचले तेव्हा नुकतं फटफटत होतं. टपटप फुलं पडत होती. काकू बाजेवर उताण्या पडलेल्या, डोळे टक्क उघडे.

"जाग्या आहात तं उठत काहून नाही, काकू?"

त्यांनी डोळे मिटून घेतले. "तुहे काका मोह वेचून आले का माह्या डोळ्यावर एक फूल ठेवत. थंडगार. हाक नाही, काही नाही. तवा मी उठो."

मी टोपली खाली ठेवली.

"तो मोबाईल समदा आयकू ये मले," त्या म्हणाल्या. "जागीच राहो मी. पण कोणी उठवणारं पाहिजे ना, बाई."

तेवढ्यात एक फूल त्यांच्या गालावर पडलं. डोळे न उघडता त्यांनी ते झटकलं. "गालावरचं मी धरत नाही."

मला राहवलं नाही. मी हळूच एक ताजं फूल उचललं आणि त्यांच्यावर वाकले.

"तू नको ठेवू," काकू म्हणाल्या. "झाड ठेवते बरोबर."

मी ते फूल टोपलीत टाकलं. धुऱ्यापलीकडून सूर्य वर आला. त्याच्यासाठी काकू उठल्या नाहीत. मी बाजेच्या पायथ्याशी बसले आणि झाडाकडे पाहत राहिले.