दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना

मगदूम अण्णा आल्या-गेल्याला घरात चहा देत नाहीत. गाडीत देतात. कप काठोकाठ भरलेला, बशी नाही. तुम्ही डाव्या सीटवर कप धरून बसायचं आणि अण्णा राजारामपुरीतून गाडी काढणार. गाडी वेग घेते, दुसऱ्या गिअरमधून आपोआप तिसऱ्यात जाते, आणि जाताना मागून कुणीतरी लाथ घातल्यासारखा धक्का बसतो. चहा शर्टावर. अण्णा उत्साहानं वळून विचारतात, "कळला न्हवं? पाठीला कळला का पोटाला?"

माझे चांगले पांढरे शर्ट या तपासात गेलेत आणि ते मी विसरलेलो नाही.

मी जुन्या गाड्यांचा धंदा करतो. लोकांच्या गाड्या धुवत इथवर आलो. बापानं पाण्याची बादलीसुद्धा दिलेली नाही. घासाघीस करून मला हरवणारा माणूस कोल्हापुरात अजून भेटायचाय. अण्णा सोडून. कारण अण्णा घासाघीसच करत नाहीत. त्यांची ही ऑटोमॅटिक गाडी जुनी, पण कमी पळालेली, रंग शाबूत, आणि माझ्याकडं गिऱ्हाईक तयार. मी भाव काढला की ते म्हणतात, "देतो की! आधी दोष सापडू दे. दोष असलेली वस्तू मगदूम विकत न्हाईत."

कुरुंदवाडला त्यांचं बियाणांचं दुकान होतं. तिथंही पोत्यात एक दाणा किडका निघाला तर अख्खं पोतं ओतून निवडत बसायचे. घरातला नळ ठिबकला तर गल्लीला बोलावून ऐकवायचे. सुनंदाकाकू, म्हणजे त्यांच्या मंडळी, शेजारणींना बजावून ठेवायच्या, "ह्यास्नी काय बिघडलेलं सांगू नका बाई. आठवडाभर जेवायचे न्हाईत."

गाडी खरं तर काकूंची. चालवायच्या त्याच, अण्णा डावीकडं. काकू गेल्या, अण्णा उजवीकडं सरकले आणि धक्का सुरू झाला.

तेव्हापासून तपास चालू आहे. गिअरचं ऑइल बदलून झालं. इंजिनखालचे रबर बदलून झाले. कुरिअरवाला, विमावाला, कुणी सुटला नाही. एकदा तर समोरच्या दवाखान्यात आलेला दाढदुखीचा पेशंट बसवून नेला. मी शिव्या घातल्या, तर म्हणतात, "ज्याचा दात दुखतोय त्याला धक्का नीट समजतो ओ!"

एका मेकॅनिकनं सरळ सांगितलं, "अण्णा, गिअरबॉक्स आतनं झिजलाय. लई वर्षांचं दुखणं हाय हे." अण्णांनी त्याला अंगणातून घालवून दिलं. मला म्हणाले, "लई वर्षांचं कसं असंल? तिच्या हातात एकदा तरी बसला का धक्का? माझ्याच हातनं काय तरी मोडलंय. तिची एवढी एक वस्तू माझ्याकडं ऱ्हायली, ती बी मला नीट ठेवता आली न्हाई." एवढं बोलून बॉनेट पुसत बसले.

गेल्या रविवारी माझं डोकं फिरलं. परत कप, परत शर्ट.

"उतरा अण्णा!" मी ओरडलो. "उतरा म्हणतो न्हवं! इकडं बसा, आणि धरा हा कप."

मागच्या सीटवरच्या थर्मासमधून कप भरून घेतला आणि मी स्टिअरिंगवर बसलो. आता जे करणार होतो त्या विद्येवर आमच्या धंद्यातली पोटं भरतात. गिऱ्हाईक शेजारी असताना, गिअर बदलायच्या ऐन क्षणी ॲक्सिलरेटरवरचा पाय केसभर उचलायचा. धक्का गाडीच्या पोटातच जिरतो. गिऱ्हाईक खूश.

उचलला. गाडी तिसऱ्यात गेली. चहाचा थेंब सांडला नाही.

अण्णांनी डोळे मिटले होते. "अशीच," ते म्हणाले. "अशीच चालायची ही."

"मग झालं तर! दुखणं जुनंच हाय. काकू पाय उचलत असणार, तुम्हाला कळू दिलं न्हाई. कळलं असतं तर गप बसला असता का तुम्ही? तुमच्या हातनं काय मोडलेलं न्हाई, अण्णा. दोष सापडला. आता व्यवहाराचं बोला."

अण्णांनी कप दोन्ही हातांत धरला.

"मी तर झोपायचो ओ," ते म्हणाले. "रोज दुकान बंद करून कुरुंदवाडास्नं निघालं की हातकणंगल्याच्या आधीच डोळा लागायचा. दारात आल्यावर ती उठवायची. मधी कधी जाग आली न्हाई मला. एकदा बी न्हाई."

मी गाडी कडेला घेतली. भावाचा आकडा तोंडात तयार होता, तो तिथंच राहिला.

"पाय किती उचलायचा?" अण्णांनी विचारलं.

आम्ही जागा बदलल्या. आधी त्यांनी फार लवकर उचलला, मग फार उशिरा. माझी मान दोन्ही वेळेला पुढं-मागं झाली.

"काय अण्णा, बैल हाकताय व्हय?" मी खेकसलो. "हलका! शेजारी माणूस झोपलंय असं धरा की!"

अण्णांनी रस्त्याकडची काच वर घेतली, हॉर्नवरचा अंगठा काढला आणि गाडी अगदी हळू रस्त्याला लावली.